मामाजी आणि तिसरा अध्याय

माझे सासरे, म्हणजे मामाजी, पाळक होते, आणि भर उपदेशात मध्येच थांबून ते म्हणायचे, “आता हे मले समजलं नाही.” मग चष्मा पुसायचे, पान उलटायचे आणि पुढे जायचे. मारेगावच्या त्या लहानशा चर्चमध्ये लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी हे ऐकलं आणि चक्रावून गेले. देवाच्या घरात उभं राहून देवाचाच माणूस असं कसं म्हणतो? शेजारची बाई माझ्या कानाशी लागून म्हणाली, “पाळकाचं असंच आहे बाई. होते सवय.”

मला कसली सवय असणार? आमच्या बाभुळगावच्या घरात देवच नव्हता. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा रिकामा केला, आणि माझे बाबा त्याच्याही पुढे गेले. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. बुद्ध हा फार मोठा माणूस, पण माणूसच, असं सांगायचे. मी एका ख्रिस्ती मुलाशी रजिस्टर लग्न करणार म्हटल्यावर बाबांनी दोन दिवस विचार केला. मग बाबा म्हणाले, “पोरगा चांगला आहे. त्याच्या बापाशी मी बोलून घेतो.”

ते बोलणं शेवटपर्यंत संपलं नाही. मामाजी बाबांना ‘इवाई’ म्हणत. आमच्या वऱ्हाडात व्याह्याला तसंच म्हणतात. पहिल्याच भेटीत, चहा अजून बशीत असताना, बाबांनी विचारलं, “पाळकसाहेब, तुमच्या पुस्तकात उजेड पहिल्या दिवशी आला आन् सूर्य चौथ्या दिवशी. मंग मधात उजेड कायचा होता?”

मी बाबांना डोळ्यांनी दटावलं. मामाजी मात्र खूश झाले. “हेच म्या आमच्या गुरुजीले इचारलं होतं, इवाई. त्यायनं मले वर्गाबाहेर काढलं.”

तेव्हापासून बाबा महिन्यातून एकदा तरी बसने यायचे आणि दोघं अंगणात बाजेवर बसून बायबलातली उत्पत्तीची कथा उसवायचे. पहिल्या अध्यायात जनावरं आधी आणि माणूस मागून. दुसऱ्यात माणूस आधी आणि जनावरं मागून. बाबा म्हणायचे, “दोन साक्षीदार, दोन बयानं. कोर्टात टिकणार नाही.” मामाजी म्हणायचे, “कोर्टात कायले नेता? जग कसं झालं ते तुमच्या शाळेत शिकवा, मी बसतो पहिल्या बाकावर. ते कोणाचं आहे, येवढंच मी इथं वाचून राह्यलो.” बाबांच्या मते अंधाराला भ्यालेल्या माणसांनी रचलेली ती एक सुंदर गोष्ट होती. मामाजी मान डोलवायचे आणि म्हणायचे, “गोष्ट माणसानंच सांगितली. पण सांगायले लावलं कोणं?” कोणी कोणाला पटवू शकलं नाही, आणि सासूबाई दोघांनाही उठवून जेवायला वाढायच्या.

मग माझं पहिलं बाळंतपण आलं. यवतमाळच्या दवाखान्यात मुलगी झाली, ती रडलीच नाही. नाळ गळ्याभोवती आवळली होती. मी घरी आले तेव्हा भेटायला बायका येत होत्या. त्यांत सलोमीबाई होती. चर्चच्या मंडळीतली सगळ्यांत जुनी बाई, मूळची मुकुटबनची. माझ्या खाटेवर बसून, माझ्या केसांवरून हात फिरवत, अगदी मायेनं ती म्हणाली, “रडू नको पोरी. हव्वेनं फळ खाल्लं, त्याचा शाप आपल्याले भोगाच लागते.”

बाबा खोलीत होते. ते ताडकन उठले. सगळ्यांनी मामाजींकडे पाहिलं. आता तेच काही बोलतील, असं वाटलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते एक शब्द न बोलता बाहेर गेले, पायात चपलाही न घालता. त्या बाईच्या बोलण्यापेक्षा त्यांचं ते गप्प राहणं मला जास्त लागलं.

पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये गेले ती केवळ सासूबाईंनी हात धरून नेलं म्हणून. बाबा आमच्या बाकावर बसलेले पाहून मी दचकले. गाणी झाली. मामाजी उभे राहिले आणि म्हणाले, “आज पहिले माहे इवाई बोलतील. ते देव मानत नाहीत. तरी ऐका.”

सगळी डोकी आमच्या बाकाकडे वळली. बाबा पुढे गेले. वर्गात उभे राहायचे तसेच, हात मागे बांधून. ते म्हणाले, “हव्वेची ही गोष्ट पुरुषांनी लिहिली, असं मी समजतो. बाळंतपणात बाया मरत होत्या, लेकरं मरत होती, कारण सापडत नव्हतं. मग त्यांनी बाईचा गुन्हा शोधला. माझ्या नातीचं कारण डॉक्टरांनी सांगितलं आहे. त्यात माझ्या पोरीचा गुन्हा नाही.” एवढंच बोलून ते खाली बसले. मागून कोणीतरी “बंद करा हे!” असं ओरडलं. दोन-तीन जण उठून गेले.

मामाजींनी बायबल उघडलं. “इवाई म्हणतात, गोष्ट माणसाची. मी म्हणतो, देवाची. तिथं आमचं जमत नाही, जमणारही नाही. पण तिसरा अध्याय नीट वाचा. देव शाप देते तो सापाले. देते तो जमिनीले. बाईले शाप दिला असं तिथं लिहिलंच नाही. तिले दुख होईल, येवढं सांगते. डॉक्टर बिमारी सांगते, म्हणजे तो बिमारी देते काय?”

मग ते थांबले. चष्मा काढला. मला वाटलं, आता नेहमीचं वाक्य येणार. पण ते म्हणाले, “मुकुटबनले मी नवा पाळक होतो. सलोमीबाईची पोरगी जन्मताच गेली. म्या तिच्या दारात उभं राहून म्हटलं, हा हव्वेचा शाप आहे. परवा सुनेच्या खाटेजवळ म्या माहंच वाक्य ऐकलं. सलोमीबाई, ते वाक्य देवाचं नव्हतं. माहं होतं. मले माफ करा.”

मी शेजारी वळून पाहिलं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. सलोमीबाई उठली, कोणाकडेही न पाहता मधल्या वाटेने चालत गेली आणि बाहेर पडली.

कोणीतरी फोनवर सगळं टिपलं होतं. त्यातला बाबांचा तुकडा तेवढा कापून गावोगावच्या मंडळ्यांत फिरला, ‘पाळकाने नास्तिकाला उपदेशाला उभं केलं’ म्हणून. चर्चच्या कारभारी वडीलमंडळींनी मामाजींना माफी मागायला सांगितलं. ते म्हणाले, “ज्याची मागायची होती त्याची मागितली.” त्यांची पाळकी गेली, चर्चच्या आवारातलं घर गेलं. आम्ही वणी रस्त्याला दोन खोल्यांत राहायला आलो. पण पुढच्याच रविवारी ते धुतलेला सदरा घालून त्याच चर्चमध्ये निघालेले पाहून मी उंबऱ्यातच थबकले. नव्या पाळकासमोर, अगदी शेवटच्या बाकावर ते बसले. बाबा भडकले, “जिथून हाकललं तिथं कायले जाता?” मामाजी शांतपणे म्हणाले, “माही खुर्ची गेली, इवाई. देवाचा पत्ता नाही बदलला.”

ते काही सगळंच सोसत होते असं नाही. मला दुसरी मुलगी झाली आणि आम्ही दोघांनी ठरवलं की बाप्तिस्म्याचं ती मोठी झाली की तीच पाहील. हे ऐकून मामाजी पुरते दुखावले. बाबांनी समजूत घालायचा प्रयत्न केला तर म्हणाले, “तुमी जिंकले, इवाई. आज बोलू नका.” चार दिवस ते नातीला घेईनात. पाचव्या दिवशी ती रडू लागली तेव्हा तेच पहिले उठले.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मेथीच्या वाफ्याला पाणी देता देता ते खाली बसले, ते उठलेच नाहीत. कबरस्तानात नव्या पाळकाने प्रार्थना केली. लोक एकेक मूठ माती टाकून निघू लागले. तेव्हा फाटकातून काठी टेकत सलोमीबाई येताना दिसली. त्या रविवारनंतर ती आमच्याशी बोलली नव्हती. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

“दर शुक्रवारी यायचे ते,” ती म्हणाली.

“कोण?”

“तुहे सासरे. माह्या ओट्यावर येऊन बसत. मी दार उघडत नव्हती. घडीभर बसत आन् जात. घरी सांगितलं नसन त्यायनं.”

नव्हतंच सांगितलं. शुक्रवारी ते बाजाराला जातात, असंच आम्ही समजत होतो.

“एक दिवस उघडलं म्या दार. म्हटलं, कायले मागितली माफी चारचौघांत? इतकी वर्षं मी तुमचं ते वाक्य धरून जगली. माह्या पोरीच्या जाण्याले कारण होतं माह्याजवळ. तुमी तेही काढून नेलं.”

मी तिच्या आणखी जवळ सरकले. बाबा शेजारीच उभे होते. तेही वळून ऐकू लागले.

“मग?” मी विचारलं. “काय म्हणाले मामाजी?”

“ऐकून घेतलं. रडले थोडे. मंग इचारलं, पोरीचं नाव काय ठेवलं होतं?” तिने वाकून माती उचलली. “आजवर कोणी इचारलं नव्हतं व बाई. माह्या मालकानंही नाही.”

“आणि तुम्ही सांगितलं?”

“सांगितलं,” ती म्हणाली, आणि मूठ उघडली.