बारा संगणक आणि मी हाकललेला दरवान

"हात लावायचा नाही! कोणी म्हणजे कोणी कीबोर्डला हात लावायचा नाही!"

दोन्ही हात वर करून मी हे भर वर्गात जाहीर केलं, तेव्हा समोरच्या पंचवीस-तीस मुली आणि चार-पाच सुना माझ्याकडे गारुड्याकडे बघावं तशा बघत होत्या. मला भारी वाटत होतं. काय सांगू, फारच भारी वाटत होतं.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. नाशिकला माझं संगणक जोडून विकायचं छोटं दुकान होतं. निफाडपासून आतल्या एका गावच्या शाळेनं माझ्याकडून बारा कोरे संगणक घेतले. शाळेला संगणक वर्गाची सरकारी मान्यता हवी होती, आणि त्याच दिवशी एक वाजता तपासणीला अधिकारी येणार होते. बाराही संगणक चालू दिसले तर मान्यता, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. शाळेच्या बाई घरोघर फिरून पोरींची नावं घेऊन आल्या होत्या. "एसटीनं रोज निफाडला धाडणार नाही, गावात असेल तर शिकू दे," असं घराघरातून सांगितलं गेलं होतं. "पुढच्या वर्षापर्यंत यातल्या निम्म्या लग्न होऊन गेलेल्या असतील," हे बाईंनी मला फोनवर अगदी कोरड्या आवाजात सांगितलं होतं.

एका संगणकावर विंडोज चढवायला तासभर लागायचा, आणि तो सारखा काहीतरी विचारत राहायचा. देश कोणता, वेळ कुठली, नाव काय. गावात वीज यायची अकराला. मग दोन तासांत बारा कसे व्हायचे? म्हणून मी एक खास सीडी बनवली. सगळ्या प्रश्नांची उत्तरं एका फाइलीत लिहून आधीच आत ठेवलेली. संगणकानं स्वतःच विचारायचं आणि स्वतःच उत्तर वाचायचं! तरी सुरुवातीला एक ओळ यायचीच: सीडीवरून सुरू करायचं असेल तर कोणतंही बटण दाबा. ती ओळ मला फार खुपायची. जादूगारानं पेटीतली बाई गायब करायची आणि आधी तिलाच म्हणायचं, जरा सरकता का? मी ती ओळ काढूनच टाकली. ओळ होती तेव्हा सीडी दुकानात करून बघितली होती. काढल्यावर पुन्हा बघायची गरज मला वाटली नाही.

अकराला वीज आली. बारा सीडी आत गेल्या. बारा निळे पडदे उजळले, फायली भरल्या जाऊ लागल्या, टक्के चढू लागले. मी पायावर पाय टाकून द्राक्षं खात बसलो. शंभर टक्के! संगणक आपापले बंद होऊन आपापले चालू झाले. टाळ्या पडल्या. मी उठून कमरेत वाकलोसुद्धा.

पुन्हा निळा पडदा. पुन्हा टक्के.

"हा दुसरा अंक," मी म्हणालो.

तिसऱ्यांदा निळा पडदा आला तेव्हा दारातल्या स्टुलावरचे शिपाई मामा म्हणाले, "साहेब, ह्ये मगाचंच हाय."

"मामा, हा वेगळा टप्पा असतो."

"आसंल. पण दर बारीला शून्यापासनं शंभर. मी वर्ग झाडायचा नि ह्या पोरींनी चपला घालून परत आत यायचं, तसलं काम दिसतंय."

पोरी फिदीफिदी हसल्या. बाई हसल्या नाहीत. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सर, साडेअकरा होत आले."

मी एकेका पडद्यापुढे धावलो. सीडी खराब म्हणावी, तर बाराच्या बारा? आणि एकदम लख्ख दिसलं.

"बाई, ती ओळ! अहो, ती ओळ दरवान होती!"

ती ओळ असली की पहिल्या वेळी बटण दाबायचं, दुसऱ्या वेळी मुद्दाम दाबायचं नाही. मग संगणक सीडी सोडून स्वतःच्या हार्ड डिस्ककडे वळतो आणि पुढचं काम करतो. मी दरवानालाच हाकललं होतं. आता बाराही जण दर वेळी सीडीकडे धावत होते आणि केलेलं सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करत होते.

"मग आता?" बाईंनी विचारलं.

"आधी डिस्क बघ, मग सीडी, असं प्रत्येकात सेटिंग करायचं. पण शंभर टक्के होऊन तो परत चालू होतो ना, त्याच क्षणी डिलीट दाबायला हवं. तीन-चार सेकंद मिळतात. आणि मला हात दोनच!"

बाई वर्गाकडे वळल्या. "एकेक जण एकेकासमोर बसा गं. डिलीट कुठंय ते बघून ठेवा."

"पण सर तर म्हणले, हात लावायचा नाय," मागून आवाज आला.

"सर आता काही म्हणत नाहीत."

बारा जणी बसल्या. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव... पडदे काळे झाले. "दाबा!" मी असा ओरडलो की मामा स्टुलावरून उठले. टकटकटकटक! अकरा ठिकाणी सेटिंगचा पडदा उघडला. मी ओरडून सांगत गेलो, त्या बदलत गेल्या, आणि अकरा संगणक पुढच्या टप्प्यात शिरले. हा टप्पा खरोखरच वेगळा होता, मामांनीही मान्य केलं. नवव्यापुढची सून मात्र घाईत शेजारचंच बटण बडवत राहिली आणि तिचा पडदा पुन्हा निळा झाला. पुढच्या फेरीपासून तो परत चालू होताना मी त्याची सीडी बाहेर ओढायचो आणि तो डिस्ककडे वळताच राहिलेल्या फायलींसाठी परत आत ढकलायचो. ती शेजारी उभी राहून बघत होती. सेटिंग मागून बदलू म्हटलं, आणि साफ विसरलो.

नववाही कसाबसा तयार झाला तोच, अर्धा तास आधीच, साडेबाराला जीप आली. अधिकारी ओळीनं बघत गेले, माउस हलवत गेले, आणि नवव्यापाशी थांबले.

"हा बंद करून चालू करून दाखवा."

नववाच! सीडी अजून आत! चालू झाला की साहेबांच्या डोळ्यांदेखत सगळं पुसायला लागणार.

त्या सुनेनं पदर खोचला, खाली वाकून सीडीच्या खणाचं बटण दाबलं आणि सीडी हातात घेतली. "आधी ही काढू द्या साहेब. ही दिसली की त्याला घरचं कायबी आठवत नाय."

साहेब मोठ्यानं हसले. तिनं संगणक बंद केला, चालू केला. तो शहाण्यासारखा उजळला.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"आत्ताच शिकले. चुकले ना मगाशी."

साहेबांनी कागदावर सही केली आणि बाईंना विचारलं, "वर्ग कधीपासून सुरू करणार?"

"अकरापासून चालू आहे," बाई म्हणाल्या.