पाटलाची कात

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. कसबा बावड्यातल्या आमच्या घरी नातीनं — समूनं — हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवलीय. मासे, दगड आणि एक कोळंबी. लाल पाठ, मधून पांढरा पट्टा, लांब पांढऱ्या मिशा... म्हणून नाव ‘पाटील’. कोळंबी मला फक्त कालवणातली माहीत! एका दुपारी पाटील आडवा दिसला. ‘गेला गं!’ म्हणून फोनवर गळा काढून मी समूला कॉलेजातून बोलावलं. ती धापा टाकत आली, तर पाटील दगडामागून मिशा हलवत बाहेर! मी रडत होते ती त्याची कात. वाढताना ही जात कात टाकते म्हणे. साठी उलटलेली बाई आणि पोकळ टरफलापुढं हुंदके... शहाणीच की मी!

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. जावेच्या साखरेच्या डब्यात रबरी पाल ठेवणारी मी — घरात घाबरवायचं खातं माझ्याकडंच होतं.

दिवाळीनंतर पाटील खरंच गेला. या वेळी हात लावून पाहिलं, अंग भरलेलं होतं. समूनं पाणी तपासलं — मीठ बरोबर, मासे ठणठणीत. पाणी जरा बदललं तरी मान टाकणारी नाजूक जात, पण बदललं काहीच नव्हतं! पोरगी नीट जेवेना. मोगऱ्याच्या कुंडीत आम्ही दोघींनी त्याला पुरलं.

पुढच्या आठवड्यात टाकीत कात. ताजी, पारदर्शक, मिशांसकट.

समू माझ्यावरच उसळली, “आज्जी, मी हितं रडतोय आणि तुला चेष्टा सुचत्यात व्हय?”

“आई, पुरं की आता,” मुलगा म्हणाला.

अहो, पण मी नव्हते! लेकराच्या रडण्यावर चेष्टा करीन मी? कुंडी उकरून दाखवली — पाटील तिथंच, वाळलेला. मासे विकणारा दुकानदार म्हणाला, जुनी कात दगडात अडकली असंल. समूनं सगळे दगड काढून धुतले. थोड्या दिवसांनी पुन्हा कात... आणि पहिलीपेक्षा मोठी! पुन्हा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं. समूनं टाकीच्या झाकणाला चिकटपट्टी मारली आणि माझ्याशी बोलणंच टाकलं. ते मात्र लागलं मला.

असा संताप आला... पिशवी भरली आणि कागलला बहिणीकडं निघून गेले. बसा म्हटलं टाकी धरून! आणि त्या पाटलालाही सांगते, मेलायस तर मेल्यासारखा राहा की. म्हातारीवर आळ कशाला?

हे काय होतं, मला अजून कळलेलं नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा, पण ‘आजी, तुम्हीच टाकली असेल’ एवढं लिहू नका. कारण मी कागलला असतानाच समूचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

“आज्जी... तू कागलातच हाईस न्हवं? मग लगेच गाडीत बस. चिकटपट्टी हाय तशीच हाय, आणि आत कात पडल्या. मी टाकीपाशी एकटीच हाय.”