भिंतीतले वाळे

परवा दवाखान्याच्या दारात पहारेकऱ्याचं मशीन माझ्या खिशापाशी वाजलं आणि मारेगावजवळच्या गावातलं आत्याचं पडलेलं घर आठवलं. ओळीनं दोन वर्षं कापूस बुडाला, म्हणून तिनं ती जागा विकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं जागा सपाट करायला ट्रॅक्टर फिरणार होता. वारलेल्या लेकीचे चांदीचे वाळे तिनं मातीच्या भिंतीत जपून ठेवले होते. ते शोधायला मी तसलंच धातू शोधायचं मशीन आणलं होतं. ते जागोजागी वाजायचं, पण उकरलं की फवारणीच्या डब्यांची गंजलेली झाकणंच निघायची.

"अजून थोडंसं पाह्य ना, बापू."

"बॅटरी संपली वो, आत्या."

ती खाली बसून हातांनीच माती उकरू लागली. तेव्हा मला ती हट्टी वाटली. आता वाटत नाही. शेवटी ती उठली.

"ट्रॅक्टरवाल्याले सांगजो, इथं जरा हळू चालव म्हना."