डोंगरमाथ्यावरची नदी

आमचे बाबा नकाशे काढणाऱ्या सरकारी खात्यात होते. विमानातून घेतलेले एकाच डोंगराचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवायचे, वरून जोडभिंगातून बघायचं आणि कागदातून वर उठलेला डोंगर मोजायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. अशा माणसाला मी दिल्लीत आणून ठेवलं.

"नुसता पोळपाट आहे," आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरच्या बाल्कनीतून बघत ते म्हणाले. म्हणून त्यांना इथली रिज नावाची टेकडी दाखवायला नेलं. "ह्याला डोंगर म्हणतात? आमच्या साताऱ्यात ह्याला चढ म्हणतात."

आई गेल्यावर ते साताऱ्यात एकटेच राहत होते. एका थंडीत न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि दूधवाला येईपर्यंत दोन तास तसेच फरशीवर होते. त्यानंतर मी त्यांचं काही ऐकलं नाही, उचलून इकडे आणलं. आणि पुढच्या नवरात्रात त्यांनी कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीकडून गुपचूप परतीचं तिकीट काढून घेतलं होतं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचं. मला राग आला, त्याहून जास्त भीती वाटली. पण बाबांसमोर तोंड उघडायची पन्नाशीतही माझी टाप नाही. भांडायच्या ऐवजी मी खरेदी केली.

नेहरू प्लेसच्या संगणक बाजारातून वापरलेला, पण चालू असा बिनतारी थ्रीडी चष्मा आणला. पडदा क्षणात डाव्या डोळ्याचं चित्र दाखवतो, क्षणात उजव्याचं, आणि चष्म्याच्या काचा त्याच तालावर आळीपाळीने मिटतात. ताल देते एक छोटी काळी डबी. ती संगणकाला जोडायची. तिच्या चकचकीत तोंडातून न दिसणारे किरण निघून चष्म्यापर्यंत पोचतात. "सरजी, प्लग लगाओ और देखो," असं दुकानदार म्हणाला होता. मला दोन संध्याकाळी लागल्या. अष्टमीला एकदाचा चष्म्यासोबतच्या नमुना-चित्रातला चेंडू पडद्याबाहेर आला आणि मुलगी किंचाळली. बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "चेंडू मी पाहिलेत."

मला त्यांना डोंगर दाखवायचा होता. एका परदेशी विद्यापीठाने नेटवर ठेवलेली हवाई फोटोंची जोडी मी उतरवून घेतली. पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. बायकोने सुरी, कात्री, स्कूटरची चावी आणि माझा संगणक यांची साग्रसंगीत पूजा केली. पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, त्यामुळे तो दिवस गेला.

दसऱ्याला श्रीखंड-पुरी झाल्यावर सगळ्यांना संगणकासमोर बसवलं. बाबांची बॅग दाराशी भरून तयार होती. मी बटण दाबलं. पडद्यावर प्रत्येक डोंगर दोनदा दिसत होता आणि चष्मा ढिम्म.

पुढचा तासभर मी काय काय केलं ते सांगायलाही लाज वाटते. संगणक तीनदा बंद करून चालू केला. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. ट्यूबलाइटचा त्रास होत असेल म्हणून सगळ्यांना अंधारात बसवलं. डबीवरचा हिरवा दिवा तर व्यवस्थित लागलेला होता. शेवटी मी दुकानदाराच्या नावाने खडे फोडायला लागलो.

"पप्पा, चिल करा ना यार," मुलगी म्हणाली.

बाबा उठले. मला वाटलं, झोपायला निघाले. त्यांनी दिवा लावला, डबी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि खिशातून रुमाल काढला. "भिंग पुसल्याशिवाय कामाला बसलास तू?"

डबीच्या चकचकीत तोंडावर हळदी-कुंकवाचं भलं जाड बोट होतं. मधोमध, त्यात दोन अक्षताही रुतलेल्या.

"अहो, मला काय माहीत तो डोळा आहे ते!" बायको म्हणाली. "मला ते कपाळ वाटलं."

डबी पुसली आणि चष्मा फडफडायला लागला. बाबांनी आधी आम्हालाच बघायला लावलं. मुलगी म्हणाली, "वॉव, कसला डीप आहे!" बायको म्हणाली, "बिल्कुल खरं वाटतंय हो." मीही पाहिलं. चित्राला खरंच खोली होती, मधून चमकणारी नदी जात होती. डोळे भरून पाहिलं आणि बाबांना चष्मा दिला.

त्यांनी चष्मा चढवला आणि मान पुढे काढली. मला वाटलं, जिंकलो.

"ही नदी कुठून वाहतेय?" त्यांनी विचारलं.

"मधून," मी म्हणालो.

"डोंगराच्या माथ्यावरून वाहतेय. आणि शिखरं खड्ड्यात गेलीत. डावा फोटो उजव्या डोळ्याला लावलायस तू." त्यांनी चष्मा काढला आणि आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "पाणी डोंगरावर चढलंय आणि तुम्ही वाहवा करताय! ह्या घरात कुणाला काही दिसतं की नाही?"

मी फोटोंची अदलाबदल केली. नदी खाली उतरली, शिखरं वर आली. बाबांनी खुर्ची पुढे ओढली आणि हात उचलून हवेत डोंगराची उंची चाचपली. बऱ्याच वेळाने, पडद्यावरची नजर न काढता, त्यांनी मुलीला विचारलं, "ते तिकीट रद्द करायचं तुझ्या फोनात कुठे असतं ग?"

बॅग मीच आत नेली. कुणी माझं तोंड पाहू नये म्हणून जरा वेळ आतच थांबलो.

त्याला आता वर्ष होत आलं. दर रविवारी मी बाबांना डोंगरांच्या नव्या जोड्या लावून देतो आणि त्यातली एक मुद्दाम उलटी लावतो. मग ते 'परत उलटं लावलंस' म्हणून माझा उद्धार करतात, खुर्ची पुढे ओढतात आणि दुपारपर्यंत जागचे हलत नाहीत. माझ्या ह्या हुशारीवर मी मनातून बेहद्द खूश होतो. परवा बायकोला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, ते ओरडतात कधी, पाहिलंय का तुम्ही? चष्मा घालायच्या आधीच."