नाशिकच्या वहीतले दोन विनायक

अप्पांना घेऊन मी आणि आत्या साताऱ्याहून निघालो, तेव्हा अप्पा आत्याच्या मांडीवर पितळेच्या डब्यात होते. डबा त्यांनीच केलेला. झाकण हवाबंद, त्यांच्या भाषेत ‘पेटंट’. मुळात तो चिवडा सादळू नये म्हणून केला होता. चिवडा सादळला नाही हे खरं, पण एकदा झाकण बसलं की तो कुणाला खायलाही मिळत नसे. अस्थी याच डब्यात न्यायच्या असा आत्याचा हट्ट होता, आणि या धाकट्या बहिणीपुढे खुद्द अप्पांचंही कधी चाललं नव्हतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. पोटासाठी ते कचेरीत कारकुनी करीत आणि उरलेल्या वेळात बाकीचं सगळं. घड्याळं दुरुस्त करीत, बाजाच्या पेट्या सुरात लावीत, साबुदाण्याएवढ्या गोळ्यांनी आळीचे रोग हटवीत, फोटो काढीत. त्यांच्या फोटोंत साताऱ्यातली निम्मी प्रतिष्ठित मंडळी डोळे मिटून बसलेली आहेत. एकदा मधमाश्या पाळल्या. त्या आठ दिवसांत शेजाऱ्यांकडे राहायला गेल्या. अमुक मला येत नाही, असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही, आणि अमुक माझं चुकलं, असंही नाही. त्यांनी दुरुस्त केलेलं घड्याळ मागे पडलं तर कचेरीचा टोल पुढे गेलेला असे.

चष्मेही ते घरीच करीत, अगदी भिंग घासण्यापासून. लहानपणापासून माझ्या नाकावर घरचाच चष्मा. त्याच चष्म्यावर मी शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो, आणि माझी निसर्गचित्रं फार तरल असतात अशी लोक तारीफ करीत. मग एकदा पुण्याला गेलो असताना दुकानातला चष्मा घेतला, आणि बाहेर पडून रस्त्यावरच्या एका चिंचेखाली खुळ्यासारखा उभा राहिलो. घरी आल्यावर हौसेनं सांगायला गेलो, “अप्पा, चिंचेचं पान न् पान वेगळं दिसतं हो!”

अप्पांनी त्या चष्म्याकडे पाहिलं आणि ते लालबुंद झाले. म्हणाले, “नाशिकच्या वहीतून तुझं नाव खोडून टाकीन!”

ही वही काय ते सांगायला हवं. नाशकात प्रत्येक घराण्याचे उपाध्ये ठरलेले असतात आणि त्यांच्याकडे त्या घराण्याची वही असते. घरातलं जे कोणी यात्रेला जाईल त्यानं त्या वहीत स्वतःच्या हातानं लिहायचं, कोण जन्माला आलं आणि कोण गेलं. घरातून हाकलून दिलेला माणूस परत येऊ शकतो. वहीतून खोडलेला माणूस मुळात झालेलाच नसतो. नुसती धमकी असती तर मी हसून सोडून दिली असती, पण त्याच आठवड्यात अप्पा खरोखर नाशकाला जाऊन आले. काय केलं ते सांगेनात. पेरू चांगले होते, एवढंच म्हणाले. त्यानंतर सहा वर्षं ते माझ्याशी बोलले ते आत्यामार्फत. पंक्तीला शेजारी बसून म्हणायचे, “त्याला सांग, मीठ सरकव.” चष्मे करणंही त्यांनी तेव्हापासून सोडलं. कोणी विचारलं तर जर्मन काच आता पूर्वीसारखी येत नाही, असं म्हणत.

ते गेले तेव्हा उशीखाली सूचनांचा कागद निघाला. ‘अस्थी नाशकास न्याव्यात. रामकुंडात त्या काही तासांत विरघळतात असे म्हणतात. नक्की किती तासांत, ते घड्याळ लावून पाहावे व मला कळवावे.’ कसं कळवायचं ते लिहिलं नव्हतं. माझ्याविषयी त्यात एक अक्षर नव्हतं. म्हणून सगळ्या प्रवासात माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की वहीत माझं नाव आहे की नाही.

सकाळी नाशिक रोडला उतरलो. फलाटावरच दोन भटजींनी आम्हाला घेरलं. “गाव कोणतं? आडनाव काय?” गोरे, साताऱ्याचे, असं म्हणताच दोघांनीही आम्ही त्यांचेच असल्याचं जाहीर केलं. आत्यानं आमच्या उपाध्यांचं नाव घेतलं तेव्हा एक जण निमूट बाजूला झाला; दुसरा त्यांचाच माणूस निघाला.

“वहीत नाव असेलच तुमचं,” तो मला म्हणाला.

“वडिलांचं आहे,” मी म्हणालो.

टांगेवाला करीमभाई मोठा बोलका होता. छापखान्यावरून जाताना चाबूक तिकडे करून म्हणाला, “इथं नोटा छापतात, भाऊ. दिवसभर बादशहाचं तोंड छापत्यात, अन् आपल्याला एक बी दर्शन नाय.” मग त्याची नजर डब्यावर गेली. “आजी, लाडू काय?”

“नाही रे बाबा. माझा भाऊ आहे,” आत्या म्हणाली.

करीमभाईनं लगाम ओढला. “आधी सांगायचं ना! मग हळू घेतो. रस्ता लय खराब हे, भाऊसाहेबांना धक्के नको बसायला.”

त्यामुळे आमचा टांगा पायी चालणाऱ्यांच्याही मागे पडू लागला. डोक्यावर मेथी आणि झेंडूच्या पाट्या घेतलेल्या माळणी आम्हाला ओलांडून बाजाराकडे गेल्या. दुतर्फा भाजीचे मळे, मधूनच द्राक्षांचे मांडव, आणि लांबवर डोंगरांच्या कडा कातरून ठेवल्यासारख्या स्वच्छ. पुण्याच्या चष्म्यातून मला सगळं दिसत होतं, आणि डब्याशेजारी बसून ते पाहताना थोडी चोरी केल्यासारखं वाटत होतं.

गंगेवर (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) पोचलो. उपाध्ये गुरुजी वाटच पाहत होते. सगळी तयारी झाली, मंत्र सुरू झाले आणि डबा उघडेना. मी ओढला, गुरुजींनी पिळला, आत्यानं पायरीवर आपटला. “दादा, पुरे आता,” असंही ती डब्याला दोनदा म्हणाली. शेवटी मंत्र अर्ध्यावर सोडून मी डबा घेऊन तांबट आळीकडे पळालो. तिथे ठोक्यांच्या आवाजात एका म्हाताऱ्या तांबटानं डबा चारी बाजूंनी निरखला.

“कोणी बनवलाय हा?”

“आत आहेत ते,” मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं हातोडी खाली ठेवली आणि डब्याला हात जोडले. “मानलं बुवा. लय पक्कं काम केलंय.” मग पातळ पात सरकवून त्यानं हलकेच झाकण सोडवलं. काम झाल्यावर डबा मला द्या, म्हणाला. झाकणाची खुबी उकलून बघायची होती त्याला. अप्पांना असा जाणकार माणूस जन्मात भेटला नव्हता. आता भेटला तो अगदी चार हातांवर, पण अप्पांना पोचायला उशीर झाला, याचं मला फार वाईट वाटलं.

परत येऊन अस्थी रामकुंडात सोडल्या. मी अप्पांचं खिशातलं घड्याळ काढून पायरीवर बसलो. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. गर्दी आली, गेली, ऊन पाठीवर चढलं, आत्यानं दोनदा पाणी आणून दिलं. बऱ्याच वेळानं पाहिलं तरी नऊ वाजून वीसच. येताना पुण्याला गाडी बदलली, त्यानंतर मी घड्याळाला चावीच दिली नव्हती. वाकून पाण्यात पाहिलं तर काही दिसत नव्हतं. अप्पा विरघळले होते, आणि किती वेळात ते मला सांगता येत नव्हतं.

दुपारी गुरुजींच्या घरी आमटीभात आणि वांग्याचं भरीत झालं. हात धुऊन येतो तो गुरुजींनी लाल फडक्यातली वही पुढ्यात ठेवली. “आता तुम्ही लिहायचं.”

मोडीतलं अप्पांचं जुनं अक्षर मी लगेच ओळखलं. वर ‘विनायक’, त्याखाली ‘पुत्र सदाशिव’, त्याखाली ‘पौत्र विनायक’. आमच्याकडे नावांची काटकसर आहे; आजोबा विनायक, अप्पा सदाशिव आणि मी पुन्हा विनायक. त्यातल्या एका विनायकावर जाडजूड रेघ होती. पण ती वरच्या विनायकावर होती.

गुरुजी हसू दाबत म्हणाले, “मी समोरच होतो. टाक बुडवून काय फर्रकन रेघ ओढली! मी म्हटलं, अहो सदाशिवराव, हे तर तुमचे तीर्थरूप! तर मटकन खाली बसले. चष्मा काढून पुसला, घातला, परत पुसला. घरीच केलेला होता म्हणे. मग म्हणाले, दौत द्या.”

खाली तीन ओळी होत्या. ‘वडिलांचे नाव चुकून खोडले गेले, ते कायम समजावे. ज्याचे खोडावयाचे होते त्याचेही राहू द्यावे. दोष भिंगाचा. त्याचा चष्मा बरोबर आहे.’

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. सहा वर्षं मी मीठ सरकवीत होतो! एवढं मला सांगायला काय जीभ झिजली असती? आयुष्यात एकदाच हा माणूस चुकलो म्हणाला, आणि तेही सव्वादोनशे मैल लांब जाऊन, वहीला. आत्याला मी वाचून दाखवलं तर ती डोळ्यांना पदर लावून म्हणाली, “बघ, म्हणून काच येईनाशी झाली.” मी टाक घेतला. अप्पा गेल्याचं लिहिलं आणि त्याखाली आणखी थोडं.

परतीच्या गाडीत डबा नव्हता, त्यामुळे आत्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. तिनं ओच्यातली द्राक्षं काढून मला दिली. आम्ही अप्पांना पोचवायला गेलो होतो आणि मी मात्र त्यांना पहिल्यांदा भेटून परत चाललो होतो, असं मला वाटत राहिलं. घाट लागला तेव्हा तिनं विचारलं, “वहीत एवढं काय खरडत होतास?”

“अप्पांना कळवायचं होतं ना, ते कळवलं. अस्थी विरघळल्या. वेळ समजली नाही. दोष घड्याळाचा नाही, चावी द्यायला मी विसरलो.”

आत्या पाय वर घेऊन नीट मांडी घालून बसली.

“चला,” ती म्हणाली, “आता तुमचं तुम्ही बोलायला लागलात. मी सुटले.”