पाच गोळ्यांची रायफल

रायफल घ्यायची ठरली तेव्हा आमच्या घरात सगळ्यात जास्त मीच भ्यालो होतो. लोकांना वाटायचं, मी रानडुकरांना भ्यालोय. तसं वाटणं साहजिकच होतं. हरभऱ्याचे घाटे भरत असताना आमच्या शेतात माझ्या बायकोला डुकरानं धडक दिली होती. तिचा ओरडा ऐकून शेजारच्या रानातून माझा चुलतभाऊ धावत आला, काठी घेऊन डुकरासमोर उभा राहिला आणि ते हटल्यावर त्यानं तिला उचलून रस्त्यापर्यंत आणलं. मांडीला टाके पडले. जखम भरली, पण ती पाय ओढत चालू लागली आणि एकटी शेताकडं जाईनाशी झाली.

शेती खरं तर तिचीच. मी जन्मभर हिंगोलीच्या एसटी डेपोत मेकॅनिक, सकाळी डबा घेऊन निघायचो ते दिवेलागणीला परत. कनेरगाव नाक्याजवळचं आमचं रान तिनंच राखलं. आता मी रिटायर होऊन शेतात जायचो आणि ती ओसरीवर बसून विचारायची, हळदीला पाणी कुठवर पोचलं. ते मला बघवत नव्हतं.

म्हणून पीक संरक्षणाच्या लायसनसाठी अर्ज केला. बंदुकीचं लायसन वेगळं, डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी, दोन्हीकडं खेटे घातले. पुण्याला नोकरीला असलेली मुलगी फोनवर म्हणाली, घ्यायची तर चांगलीच घ्या, पैशाकडं बघू नका. त्या वर्षी हळदीलाही बरा भाव लागला होता. हौसेला मोल नाही म्हणतात, आणि चांगल्या हत्याराची हौस मला पहिल्यापासून. डेपोत माझ्या पान्यांना मी कोणाला हात लावू द्यायचो नाही.

मला भीती होती ती माझ्या रागाची. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. एकदा एका ड्रायव्हरनं ब्रेकच्या कामावरून मला चारचौघांत खोटं पाडलं, तर हातातला पाना मी त्याला फेकून मारला. पाना गाडीच्या पत्र्यावर बसला, ड्रायव्हर वीतभर अंतरानं वाचला आणि नंतर मीच शेडमागं जाऊन रडलो. माझा राग जितका झटकन चढतो तितकाच झटकन उतरतो, असं मी लोकांना मोठ्या ऐटीत सांगत असे. पण उतरेपर्यंत हातात काय असतं, हे कोणी विचारत नव्हतं.

दुसरी गोष्ट तर मी कोणाला सांगितलीच नव्हती. सहा वर्षांपूर्वी बांधावरून माझं त्याच चुलतभावाशी भांडण झालं. त्यानं हातभर बांध कोरला असं माझं म्हणणं, पावसानं ढासळला असं त्याचं. शब्दाला शब्द लागला आणि मी कुऱ्हाड उचलली. तो माझ्याहून आठ वर्षांनी लहान, अंगानं दणकट. पळाला नाही, ओरडला नाही, हात खाली सोडून उभा राहिला. ऐनवेळी कुऱ्हाड मी त्याच्या शेजारच्या कडुनिंबावर हाणली. ती खोक अजून आहे. साल दोन्ही बाजूंनी वाढत आली, पण मिटली नाही. त्यानं पोलिसांत तक्रार केली नाही, बोलणं मात्र बंद झालं. बायकोला वाचवलं त्या दिवशीसुद्धा तो घरात न येता परस्पर निघून गेला होता.

लायसनच्या चौकशीला हवालदार आला. कोणाशी वाद वगैरे आहे का, असं त्यानं विचारलं आणि मी नाही म्हणून मोकळा झालो. मग तो म्हणाला, लगतच्या शेतकऱ्याचाही जबाब घ्यावा लागतो. तो चुलतभावाच्या आखाड्याकडं, शेतातल्या त्याच्या घराकडं, चालत गेला आणि मी विहिरीच्या कठड्यावर बसून बघत राहिलो. कुऱ्हाड हा एक शब्द पुरे होता. अर्धं मन म्हणत होतं, सांगून टाक बाबा एकदाचं, सुंठेवाचून खोकला जाईल. थोड्या वेळानं हवालदार परत आला आणि गाडीला किक मारता मारता म्हणाला, तुमचे भाऊ म्हणतात माणूस बराबर आहे, काही हरकत नाही.

मला वाटलं, त्यानं मला माफ केलं. लायसन आलं तेव्हा बायकोनं ते देवापुढं ठेवलं. गावात बातमी पसरली. त्यानंतर एक गोष्ट मात्र खटकू लागली. बोलत नसला तरी चुलतभाऊ रोज सामाईक बांधावरून आखाड्यावर जायचा, आता तो तिथं दिसेना. तांड्याकडच्या लांबच्या वाटेनं, ओढा ओलांडून येऊ लागला. त्या बाजूला काही काम काढलं असेल, अशी मी माझी समजूत घातली.

रायफल बघायला बायको आणि मी नांदेडला गेलो. वारंगा फाट्यावर खिचडी घेतली. तिनं खाल्ली, मी माझी प्लेट तिच्याकडं सरकवली. दुकानदार सत्तरीचे, पांढऱ्या दाढीचे, दखनी वळणाचं मराठी बोलणारे. त्यांनी लायसन दोनदा वाचलं, किती खर्च करायचा ते विचारलं आणि मी पैशाचं बघू नका म्हणाल्यावर आतून दोन रायफली आणल्या. एक सरकारी कारखान्यातली. रंगरूप नाही, पण एसटीच्या गाडीसारखी, आडरस्त्यात सोडणार नाही. दुसरी परदेशी, अक्रोडाच्या लाकडाची, पाच गोळ्यांची.

त्या दुसरीचा गोळी आत ढकलणारा बोल्ट मी मागं ओढला आणि पुढं सरकवला. कुठं खरखर नाही, कुठं ढिलाई नाही. इतकं नीट बसलेलं काम मी आयुष्यात हाताळलं नव्हतं. परत ओढला, परत सरकवला. दुकानदार सांगत होते, पहिली गोळी चुकली तरी डुक्कर वळायच्या आत दुसरी तयार. मी ती खांद्याला लावली, खाली घेतली, पुन्हा लावली. किती वेळा केलं कोणास ठाऊक.

"डुकरासाठीच घेऊन राहिलो ना आपण?" बायको म्हणाली.

तिनं सहज विचारलं असेल. मी मात्र रायफल गादीवर ठेवून दिली.

दुकानदारांनी माझ्यापुढं कागद-पेन्सिल सरकवली आणि शेत काढून दाखवा म्हणाले. रायफलची गोळी चुकली तर डुकराच्या पुढं फार लांब जाते, त्यामुळं मागं काय आहे ते आधी बघायचं असतं. मी विहीर काढली. दक्षिणेला वाशिमचा रस्ता, पूर्वेला तांड्यावरच्या बायकांची कामावर यायची वाट. उत्तरेला चुलतभावाचा आखाडा काढला, गोठा काढला, त्याची बायको धुणं धुते तो हौद काढला, आणि पेन्सिल पुढं जाईना. सहा वर्षं त्या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं तरी मला सगळं पाठ होतं.

तुमच्याकडची सगळ्यात सावकाश चालणारी रायफल कोणती, असं मी विचारलं. दुकानदारांनी एक जुनी विलायती रायफल आणली. एका वेळी एकच गोळी. दर वेळी उघडायची, हातानं गोळी घालायची, बंद करायची. घडणावळ अशी की किंमत पाच गोळ्यांवालीपेक्षा जास्त. एकच गोळी असली की माणूस आधी नीट बघतो, असं ते म्हणाले. मी मनातल्या मनात मोजलं. कुऱ्हाड उचलल्यापासून कडुनिंबात रुतेपर्यंत दोन श्वास गेले होते. हिला पाच लागत होते. तेवढ्यात माझा राग उतरतो. मला इतकं हायसं वाटलं की ही आठ दिवस बाजूला ठेवा असं सांगूनच उठलो.

परत आल्यावर बायकोला घरी सोडून तसाच शेतात गेलो. ऊन उतरलं होतं. चुलतभाऊ ओढ्याकडून गवताचा भारा घेऊन येत होता. मी बांध ओलांडून पुढं झालो तसा तो थांबला. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्याशी बोललो. हवालदाराला बराबर काहून म्हणलास, असं विचारलं.

त्यानं आधी माझ्या हातांकडं बघितलं. हात रिकामे होते.

"भेव वाटलं, दादा," तो म्हणाला. "न्हाई म्हनलो असतो अन् तुमचं लायसन हुकलं असतं, त मंग? लेकराबाळायला सांगून ठेवलंय म्या, बांधाकडं फिरकू नका म्हनून."

आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. मी तिथंच ढेकळांवर बसलो. त्याला त्या एका गोळीच्या रायफलीबद्दल सांगावं असं मनात आलं होतं, पाच श्वासांचा हिशेब समजावून सांगावा. पण सांगणार काय? डुकरासमोर काठी घेऊन उभा राहणारा माणूस मला भीत होता. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी बायकोला सगळं सांगितलं, कुऱ्हाडीचंसुद्धा. ती म्हणाली, डुकरानं धडक दिली त्या दिवशी मला उचलताना तुमच्या भावाचा हात जरासुद्धा कापत नव्हता. मला समजलं तिला काय म्हणायचं होतं ते. मी लायसन परत करण्याचा अर्ज दिला आणि चुलतभावाला निरोप पाठवला, डुकरं तुझंही रान नासवतात, तू अर्ज कर, रायफल मी घेऊन देतो. त्यानं महिनाभर उत्तर दिलं नाही. मग एके दिवशी कागदपत्रांची पिशवी घेऊन तहसीलकडं जाताना दिसला. नांदेडच्या दुकानदारांना मी फोन केला, घेणारा माणूस बदललाय, आता पाच गोळ्यांची चालेल म्हणालो. लायसन येईपर्यंत ती कोणी नेली नाही तर ठेवतो, असं ते म्हणाले.

गेल्या आठवड्यात तोच हवालदार आला. लगतचा शेतकरी म्हणून आता जबाब माझा होता. पहिला प्रश्न तोच, अर्जदाराचा कोणाशी वाद आहे का. मी त्याला बांधावर घेऊन गेलो आणि कडुनिंबाची खोक दाखवली.

"वाद माझ्याशी होता. कुऱ्हाड मी उचलली होती. तो जागचा हलला नाही, त्यानं हात उचलला नाही."

हवालदाराचं पेन थांबलं. मागच्या वेळी तुम्ही वाद नाही म्हणाला होता, असं तो म्हणाला. मी खोटं बोललो होतो, असं मी सांगितलं. तो आवाज खाली आणून म्हणाला की हे कागदावर आलं तर तुमच्या अंगाशी येईल, विचार करा. पलीकडं गोठ्याच्या दारात चुलतभाऊ उभा राहून आमच्याकडं बघत होता.

"लिहा," मी म्हणालो, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.