वीस मिनिटं पुढचं घड्याळ

हे मी कुणापाशीच बोललेले नाही. बहिणीपाशी नाही, देवापाशीही नाही. देवापुढे उभी राहिले की दुसरंच काहीतरी मागून परत येते. तुम्हाला सांगते. पण जरा सावकाश सांगू द्या.

मी काही कॉलेजात शिकलेली नाही हो. अंबडच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. तो बंद पडला, आणि पंचेचाळिशीत लेकीची जुनी पुस्तकं घेऊन प्रोग्राम लिहायला शिकले. माझी मीच. पुढे एका लहानशा ऑफिसात लागले. तिथं सगळे मला काकू म्हणत. ‘काकूंना विचारा’ — हे कानावर आलं की काय वाटायचं म्हणून सांगू! माज होता तो. दुसरं काय?

आमचं काम असं, की तालुक्याच्या दवाखान्यात रक्त लागलं की नर्सनं बटण दाबायचं, आणि आसपासच्या रक्तदात्यांच्या फोनवर निरोप जायचा. पण घाबरून कुणी दहादा बटण दाबायचं. दहा निरोप! लोक वैतागले, निरोप बघेनासे झाले. म्हणून मी एक अटकाव लिहिला — एका दवाखान्याचा निरोप गेला की पाच मिनिटं दुसरा जाणार नाही.

आता ही पाच मिनिटं मोजायची कशानं?

यंत्रात दोन घड्याळं असतात. एक भिंतीवरच्यासारखं, किती वाजले ते सांगणारं. ते कुणालाही मागेपुढे करता येतं. दुसऱ्याला किती वाजले ते ठाऊक नसतं, पण मधे किती वेळ गेला ते चोख सांगतं, आणि ते कधी मागे जात नाही. मी पहिलं घेतलं होतं. आणि आमच्या सर्व्हरवर ते वीस मिनिटं पुढे! साहेबांची हौस. घरातलं घड्याळ आपण पुढे ठेवतो ना, तसं. ‘कामं वेळेत होतात,’ म्हणायचे.

मग सर्व्हर सांभाळायला वैशाली आली. मालेगावची पोरगी, वडील कापडाच्या मागावर कामाला. तिनं माझा प्रोग्राम वाचला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “काकू, मोजायला दुसरं घड्याळ घ्या ना. आमचे बाबा कापड मोजतात ती पट्टीच मधे कुणी कापली तर?”

“अगं, तू शाळेत लिंबू-चमचा खेळत होतीस ना, तेव्हापासून प्रोग्राम लिहितेय मी.”

सगळे हसले. तीही हसली. घरी येऊन मी पुस्तक काढलं — तिचंच खरं होतं. दोन ओळी बदलायच्या होत्या. नाही बदलल्या. बदलल्या असत्या तर ती बरोबर ठरली असती ना?

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, तिनं सर्व्हरचं घड्याळ वीस मिनिटं मागे घेऊन बरोबर लावलं. एका दवाखान्यातून नुकताच एका पेशंटसाठी निरोप गेला होता. माझ्या प्रोग्रामच्या लेखी तो निरोप आता पुढच्या, अजून न आलेल्या वेळेचा झाला. त्याची पाच मिनिटं भरेचनात. तेवढ्यात तिथं एका बाळंतिणीचं रक्त वाहायला लागलं. नर्स बटण दाबत राहिली. प्रत्येक वेळी पडद्यावर माझंच वाक्य — ‘कृपया थोडं थांबा.’ तिचे एकवीस प्रयत्न मी नंतर नोंदीत मोजले. रक्त पोचलं, पण उशिरा. बाई गेली.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. मी एवढंच म्हटलं, “घड्याळाला आज हात कुणी लावला?” खोटं नव्हतं त्यात काही. वैशालीनं मान खाली घातली. महिनाअखेरीस तिला काढलं.

आणि एक अजून आहे — तेच मघापासून मागे ठेवत आलेय. घड्याळाला हात लावण्याआधी ती माझ्या टेबलाशी आली होती. “काकू, ते बदललंत ना?” आणि मी, मान वर न करता, “हो” म्हटलं.

बाई गेली त्याच संध्याकाळी तिनं प्रोग्राम उघडून पाहिला. त्यात ते दुसरं घड्याळच होतं. तासाभरापूर्वीच मी ते घातलं होतं. कोण काय कधी बदलतं, याची आमच्याकडे नोंद नसायची. मग तिनं काय समजावं? आपलंच काहीतरी चुकलं, हेच ना?

परवा इथंच, द्वारका चौकातल्या एका साडीच्या दुकानात गेले, तर काउंटरवर ती. संगणक सोडला म्हणाली, हात लावायची भीती वाटते. मग माझा हात धरून म्हणाली, “सगळे मला बोलले, काकू. तुम्ही तेवढ्या बोलला नाहीत.”

मी काय केलं? तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, “चुका होतात गं. विसर आता.”

म्हणजे मी तिला माफ केलं. मी — तिला.

ती मला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. हातात पिशवी दिली, रिक्षा थांबवून दिली. मी रिक्षात बसले आणि घरी आले.